फाशी सुनावली, पुढे काय? फाशीच्या शिक्षेचा वाद सोप्या भाषेत

२१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आला आणि बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तट पडले. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातल्या खास कायद्याच्या कोर्टानं २०१५ मध्ये १२ जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप, आणि हायकोर्टानं ते सगळेच्या सगळे निर्दोष सोडले. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली खरी, पण ती एवढ्यापुरतीच की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही; सुटलेल्यांना परत आत टाका असं काही कोर्ट म्हणालं नाही. फाशी झालेल्या पाचपैकी एक जण तर २०२१ मध्येच नागपूरच्या जेलमध्ये असताना कोरोनानं गेला होता, त्याला निर्दोष ठरायला मेल्यानंतर चार वर्षं लागली.

मग नेहमीचे प्रश्न सुरू झाले. एक कोर्ट फाशी देतं आणि दुसरं सोडून देतं म्हणजे नेमकं चुकलं कोण? एवढी वर्षं लागतात कशी? आणि फाशी ठेवायची की काढायची? माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचताना हिशोब करता येईल. खुन्याबद्दल मला फार दयामाया वाटते असं नाही. पण फाशी कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या आपल्या यंत्रणेवर माझा भरवसा बसत नाही, आणि का बसत नाही तेच खाली आहे.

फाशीची बातमी येते तेव्हा केस कुठे असते?

बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. टीव्हीवर 'नराधमाला फाशी' असं लाल पट्टीत येतं तेव्हा जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टानं शिक्षा सुनावलेली असते, बाकी काही झालेलं नसतं. सेशन्स कोर्टाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरी फाइल हायकोर्टात जावीच लागते. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले त्यातही तसाच आहे. हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्टात अपील, ते फेटाळलं तर रिव्ह्यू म्हणजे त्याच कोर्टाला 'परत एकदा बघा' अशी विनंती, मग राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज, तोही फेटाळला तर त्यानंतर किमान १४ दिवस सोडूनच फाशी.

एवढ्या चाळण्यांतून शेवटपर्यंत जाणारे फार थोडे. २००४ मध्ये कोलकात्यात धनंजय चॅटर्जी, २०१२ मध्ये येरवड्यात कसाब, २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरू, २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमन आणि २० मार्च २०२० ला निर्भया केसमधले चौघं. वीस वर्षांत देशभरात आठ, आणि निर्भयानंतर एकही नाही. दुसरीकडे दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या प्रोजेक्ट ३९ए च्या मोजणीनुसार २०२४ च्या शेवटी फाशीची शिक्षा डोक्यावर असलेले कैदी होते ५६४. म्हणजे शिक्षा सुनावली जाते भरपूर, दिली जाते जवळपास शून्य, आणि मधल्या काळात एवढी माणसं फाशी यार्डात बसून असतात.

'दुर्मिळातील दुर्मिळ' हे ठरवतं कोण?

एकेकाळी खुनाला फाशी हीच नेहमीची शिक्षा होती, १९५५ पर्यंत जजला फाशी का दिली *नाही* याची कारणं लिहावी लागायची. १९७३ च्या संहितेनं ते उलटं केलं: जन्मठेप हा नियम, फाशी द्यायची असेल तर खास कारणं लिहा. मग १९८० मध्ये बच्चन सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जजेसनी चार विरुद्ध एक अशा मतानं फाशी घटनेत बसते असं सांगितलं, पण अट घातली की फक्त दुर्मिळातील दुर्मिळ केसमध्ये, जिथे दुसरा कुठलाही पर्याय उरलाच नाही तिथे. नुसता गुन्हा बघायचा नाही, गुन्हेगारही बघायचा, त्याचं वय, परिस्थिती, मानसिक अवस्था, सुधारायची शक्यता. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती भगवतींचं होतं आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे शेवटी बेंचवर कोण बसलंय त्यावर जाणार.

आणि गेलंच ते तसं. १९८२ चा हरबन्स सिंग निकाल वाचला तर अंगावर काटा येतो. एकाच खटल्यातले तीन आरोपी, तिघांचा वाटा सारखाच, तिघांनाही फाशी. तिघांची प्रकरणं सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या बेंचपुढे आली. एकाचं अपील फेटाळलं, दुसऱ्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, तिसऱ्याचंही फेटाळलं. पहिला ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला. तिसऱ्यानं परत कोर्ट गाठलं तेव्हा कुठे कोर्टाच्या लक्षात आलं की अरे, यातल्या एकाला आपणच वाचवलंय, मग कोर्टानं स्वतःहून राष्ट्रपतींना त्याच्यासाठी दयेची शिफारस केली. पहिल्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

२००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं कबूल केलं की १९९६ चा एक निकाल, ज्यात फक्त गुन्हा बघा, गुन्हेगार बघू नका असं म्हटलं होतं, तो बच्चन सिंगच्या विरोधात होता, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं चुकीचा. पण तोवर त्याच निकालाचा आधार घेऊन बऱ्याच फाश्या सुनावून झाल्या होत्या, आणि त्या १९९६ च्या केसमधला आरोपी तर त्याच वर्षी फासावर गेला होता.

गुन्हेगाराची बाजू बघायची तर ती कोर्टापुढे यायला तरी हवी ना. सेशन्स कोर्टात बऱ्याचदा दोषी ठरवल्याच्या दिवशीच नाहीतर एकदोन दिवसांत शिक्षेवर सुनावणी होते, वकील उभा राहून सांगतो की आरोपी तरुण आहे, घरी म्हातारी आई आहे, झालं. २०२२ मध्ये मनोज केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं चालणार नाही, सरकारनं आरोपीचा मानसिक तपासणीचा आणि जेलमधल्या वागणुकीचा रिपोर्ट आणला पाहिजे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या २००८ च्या एका केसमध्ये, चार वर्षांच्या मुलीवर बलात्कार आणि खून, अत्यंत भयानक केस, ज्यात राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही फेटाळलेला होता, सुप्रीम कोर्टानं फाशी बाजूला ठेवून शिक्षेवर नव्यानं सुनावणी घ्यायला सांगितली कारण ही प्रोसेस झालीच नव्हती. दोष कायम आहे, माणूस सुटलेला नाही, फक्त फाशीच हवी का हे परत तपासायचंय. त्या बातमीखालच्या कमेंट वाचवत नव्हत्या, पण केलं काय होतं कोर्टानं, स्वतःचाच नियम पाळला होता.

खालच्या कोर्टाच्या फाश्यांपैकी टिकतात किती?

प्रोजेक्ट ३९ए च्याच टीमनं २०१६ मध्ये एक मोठा रिपोर्ट काढला होता, देशभरातल्या ३८५ पैकी ३७३ फाशीच्या कैद्यांशी बोलून. त्यात २००० नंतरच्या पंधराएक वर्षांतल्या फाश्यांचा पाठपुरावा आहे. ज्या केसेस वरच्या कोर्टात पूर्ण झाल्या त्यात सगळ्या पायऱ्या ओलांडून फाशी टिकली ती शंभरात पाचेक जणांची. बाकीच्यांपैकी बहुतेकांची जन्मठेप झाली, आणि शंभरातले तीसेक जण चक्क निर्दोष सुटले.

दहावीच्या बोर्डाचा विचार करा. एका परीक्षकानं तपासलेले शंभर पेपर फेरतपासणीला गेले आणि पंच्याण्णव पेपरांचे मार्क बदलले, त्यात तीस जण नापासाचे पास झाले, तर त्या परीक्षकाला पुढच्या वर्षी पेपर द्याल का? इथे तर मार्कांचा प्रश्नही नाही.

यावर लोक म्हणतात की बघा, वरची कोर्टं चुका दुरुस्त करतातच की, सिस्टीम काम करतेय. मला हे पटायचं, पण मग नाशिकची केस वाचली.

सुप्रीम कोर्टच चुकलं तर?

२००३ मध्ये नाशिकजवळ एका वस्तीवर रात्री दरोडा पडला, घरातले पाच जण मारले गेले, बलात्कारही झाला. भटक्या समाजातल्या सहा जणांना पकडलं. सेशन्स कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं काय केलं तर त्या जन्मठेपवाल्या तिघांनाही फाशी दिली, म्हणजे शिक्षा वाढवली. तिथे केस संपली होती. रिव्ह्यूही फेटाळला गेला होता.

मग २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच एका केसमध्ये ठरवलं की फाशीचे रिव्ह्यू यापुढे चेंबरमध्ये कागद बघून निकालात काढायचे नाहीत, तीन जजेसपुढे उघड्या कोर्टात ऐकायचे. त्या नियमामुळे नाशिकची केस परत उघडली आणि ५ मार्च २०१९ ला सहाच्या सहा जण निर्दोष. वाचलेल्या मुख्य साक्षीदारानं पोलिसांच्या फोटो अल्बममधून आधी चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं आणि त्या चौघांचा तपासच केला गेला नव्हता! सहापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन निघाला. जवळपास १६ वर्षं जेल, आणि भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये. २०१४ चा तो निर्णय यायच्या आधी डेथ वॉरंट निघालं असतं तर तिथे कुणाच्या हातात काहीच राहिलं नसतं.

हा एकच अपवाद असता तर बोललो नसतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका केसमध्ये, सात जणांचा खून, फाशी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झालेला कैदी घटनेच्या वेळी बारा वर्षांचा होता हे सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडलं, २८ वर्षं तो आत होता. नोएडाजवळच्या निठारीत लहान मुलांच्या खुनांची जी केस गाजली, तिच्यातल्या आरोपीची तर सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या जेलमध्ये फाशीची तयारी झाली होती, सुप्रीम कोर्टानं आयत्या वेळी रात्रीत स्थगिती दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच माणूस शेवटच्या केसमध्येही निर्दोष ठरून बाहेर आला.

वर ज्या रिपोर्टचा उल्लेख केला त्यातला अजून एक आकडा इथे बसतो. फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते. गरीब माणूस जास्त खून करतो असा याचा अर्थ काढू नका. नाशिकच्या त्या सहा जणांनी चांगला वकील पहिल्याच दिवशी लावला असता तर अल्बममधले ते चार फोटो सेशन्स कोर्टातच बाहेर आले असते, एवढाच अर्थ आहे.

"पण कसाबचं काय?"

हा प्रश्न येणारच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कसाबच्या बाबतीत शंकेला जागाच नव्हती, फोटो होते, सीसीटीव्ही होतं, जिवंत पकडला होता, आणि गुन्ह्यापासून फाशीपर्यंत चारच वर्षं लागली. त्याच्यासाठी मी एक ओळ खर्च करणार नाही. पण कायदा एका माणसासाठी लिहिता येत नाही. ज्या कलमानं कसाबला फाशी होते त्याच कलमानं नाशिकच्या सहा जणांनाही होते.

मग फक्त दहशतवादासाठी फाशी ठेवा, बाकी काढून टाका, हा मधला रस्ता कसा वाटतो? न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात नेमकं हेच सुचवलं होतं, काही सदस्यांचा विरोध होता, सरकारनं ते घेतलंही नाही. ऐकायला समंजस वाटतं. पण मला उलटंच वाटतं, दहशतवादाच्या केसमध्येच चूक व्हायची भीती सगळ्यात जास्त. शहर हादरलेलं असतं, पोलिसांवर रोज प्रेशर असतं, आणि कायदाही वेगळा असतो. साध्या खुनाच्या केसमध्ये पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, मोक्कामध्ये डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. लोकल बॉम्बस्फोटांची केस मोठ्या प्रमाणात अशाच कबुलीजबाबांवर उभी होती आणि हायकोर्टानं तेच विश्वासार्ह नाहीत म्हणून बाजूला काढले. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलेलं आहे, तिथे काय व्हायचं ते होईल, पण 'अतिरेकी केस आहे म्हणजे पुरावा पक्का असणार' हे गृहीत आता तरी सोडायला हवं.

"फाशी असली की लोक घाबरतील"

याचं उत्तर थोडक्यात आटपतो कारण इथे सांगण्यासारखं कमी आहे. फाशीमुळे खून कमी होतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही आणि होत नाहीत असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २०१२ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास तपासून सांगितलं की यांच्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका. कॅनडानं १९७६ मध्ये फाशी काढली, पुढच्या काही दशकांत तिथे खुनांचं प्रमाण उलट कमी झालं, ते फाशी काढल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण आभाळ कोसळलं नाही एवढं नक्की.

बलात्काराला फाशी हा मात्र वेगळा मुद्दा आहे आणि इथे मी जास्त घाबरतो. निर्भयानंतरच्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. तरी २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींच्या केसमध्ये फाशीची तरतूद आली, आपल्या विधिमंडळानंही डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं होतं. आता विचार करा, बहुतेक केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, लहान मुलींच्या बाबतीत कित्येकदा घरातलाच, काका, मामा, शेजारी. फाशी होणार म्हटल्यावर घरचे तक्रार करतील की मुलीलाच गप्प बसवतील? आणि बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल तर साक्षीदार जिवंत ठेवायचं त्या माणसाला कारण काय उरतं?

"मग काय, आयुष्यभर पोसायचं? आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षंच ना!"

नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. १४ वर्षांचा आकडा येतो तो एवढ्यासाठी की गंभीर गुन्ह्यात सरकारला शिक्षेत सूट द्यायचीच असेल तर १४ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी देता येत नाही. तो हक्क नाही, निव्वळ शक्यता आहे. शिवाय २००८ च्या श्रद्धानंद केसपासून कोर्टांकडे तिसरा मार्गही आहे: फाशी नको पण २५, ३० वर्षं किंवा शेवटच्या श्वासापर्यंत सूट नाही अशी जन्मठेप. २०१५ मध्ये पाच जजेसच्या बेंचनं त्यावर शिक्का मारला. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार केसमधल्या तिघांची फाशी २०२१ मध्ये हायकोर्टानं काढली तेव्हा 'सुटले' अशी बोंब झाली, प्रत्यक्षात त्यांना मरेपर्यंत जेल आहे.

लोकांचा जन्मठेपेवर विश्वास नाही हे मात्र खरं आणि तो का नाही हेही समजतं. बिल्किस बानो प्रकरणातल्या ११ दोषींना गुजरात सरकारनं २०२२ मध्ये सूट देऊन सोडलं, हार घालून स्वागत झालं, शेवटी जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सूट रद्द केली कारण खटला मुंबईत चालला होता आणि सूट द्यायचा अधिकार असलाच तर महाराष्ट्र सरकारचा होता. सरकारं अशी वागली तर लोक फाशीच मागणार. पण तो राग सूट देण्याच्या पद्धतीवर काढायला हवा.

जाता जाता, फाशीला विरोध म्हणजे परदेशी एनजीओंचं फॅड असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ३ जून १९४९ ला संविधान सभेत फाशीच्या केसेसना सुप्रीम कोर्टात आपोआप अपील मिळावं का यावर चर्चा चालली होती, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन.

"दयेचा अर्ज म्हणजे गुन्हेगारांची पळवाट"

पळवाट म्हणायची तर ती बांधली कुणी ते बघा. कोल्हापूरच्या गावित बहिणी, लहान मुलांना पळवून मारल्याची केस, १९९६ मध्ये अटक, २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून कायम. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला २०१४ मध्ये, म्हणजे जवळपास आठ वर्षं निव्वळ कागद फिरवण्यात गेली. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानं सांगितलं होतं की सरकारच्या बाजूनं अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, कारण रोज मरणाची वाट बघत ठेवणं ही कायद्यात न लिहिलेली दुसरी शिक्षा आहे. त्याच आधारावर जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं दोघींची फाशी काढली. उशीर या बहिणींनी केला नव्हता, मंत्रालय आणि दिल्लीतल्या टेबलांनी केला होता.

पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या केसमध्ये तर अजून कमाल झाली. राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, म्हणजे सगळं संपलं होतं, फक्त वॉरंट काढायचं होतं. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये! २४ जून २०१९ ही तारीख ठरली, कैदी हायकोर्टात गेले, सगळा मिळून चार वर्षांपेक्षा जास्त उशीर झाल्याचं कोर्टानं मोजलं आणि फाशीऐवजी ३५ वर्षं जेल दिली. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, ते अपील डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळलं, आणि दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी वेगळा कक्ष नेमावा वगैरे सूचना आल्या. गुन्हा नोव्हेंबर २००७ चा. त्या मुलीच्या घरच्यांनी १७ वर्षं तारखा मोजल्या, आणि ज्या शिक्षेची वाट बघितली ती गेली कशामुळे, तर वॉरंट वेळेत काढायचं राहिलं म्हणून.